आधी सावली, मग शीळ

[पडदा काळा. चित्र नाही, फक्त आवाज.]

सिनेमा सुरू झालाय, पण दिसत काहीच नाही. ऐकू येतोय एका लहान मुलीचा आवाज. गाणं म्हणतेय ती. थोडं थांब, काळा माणूस येईल, छोटीशी कुऱ्हाड घेऊन येईल, तुझा खिमा करून टाकेल.

मग चित्र उजळतं. इमारतीच्या चौकात मुलं रिंगण करून उभी आहेत आणि मधली मुलगी एकेकाकडे बोट दाखवत फिरतेय. अडम तडम म्हणत आपण राज्य कुणावर ते ठरवायचो, तोच हा खेळ. शेवटचा शब्द ज्याच्यावर येईल तो बाद.

बर्लिन, १९३१. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. सिनेमाचं नाव एकच अक्षर, 'एम'. लहान मुलांचे खून करणाऱ्या माणसाची ही गोष्ट. पण पहिल्या सात-आठ मिनिटांत हा माणूस आपल्याला धड दिसतही नाही. तरी ती मिनिटं संपतात तेव्हा तो पुरता ओळखीचा झालेला असतो. हे कसं जमवलं, ते आज जरा थांबून पाहू.

आधी त्या गाण्याबद्दल. ते लांगने हवेतून काढलेलं नाही. हानोफर शहरात फ्रिट्झ हारमान नावाच्या खुन्याला १९२५ साली मृत्युदंड झाला आणि त्याच्यावरचं हे गाणं जर्मनीत तोंडोतोंडी पसरलं. सिनेमात त्याच्या नावाच्या जागी 'काळा माणूस' आला, एवढाच फरक. ११ मे १९३१ ला 'एम' बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा ड्युसेलडॉर्फचा खुनी पेटर क्युर्टेन शिक्षा ऐकून तुरुंगात बसला होता. जुलैच्या सुरुवातीला त्याचा शिरच्छेद झाला. थिएटरातल्या प्रेक्षकांना भीती समजावून सांगायची गरजच नव्हती. ती ते घरून घेऊनच आले होते.

[कॅमेरा चौकातून वरच्या सज्जाकडे सरकतो. धुण्याची टोपली घेतलेली बाई.]

ती बाई मुलांवर खेकसते, बंद करा ते घाणेरडं गाणं! मुलं गप्प होतात. बाईची पाठ वळते आणि गाणं पुन्हा सुरू. बाई जिना चढून शेजारणीकडे, फ्राऊ (म्हणजे श्रीमती) बेकमानकडे जाते आणि गाऱ्हाणं सांगते. कपडे धूत असलेली फ्राऊ बेकमान म्हणते, गाऊ देत की, पोरांचा आवाज येतोय तोवर ती आहेत एवढं तरी कळतं.

हे वाक्य ऐकताना साधं वाटतं. पण पुढचा सगळा प्रसंग त्याच्यावर उभा आहे. आवाज म्हणजे मूल जिवंत. आवाज थांबला, तर?

लांगचा हा पहिलाच बोलपट. इकडे मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात त्याच वर्षी १४ मार्चला 'आलम आरा' लागला होता. आपल्याकडे पडद्याला कंठ फुटला तो गाणी घेऊनच. लांगने नव्या यंत्राचा हात आखडूनच वापर केला. 'एम'ला पार्श्वसंगीत नाही. काही ठिकाणी तर ध्वनिपट्टी पूर्ण मुकी होते, पावलांचाही आवाज येत नाही. त्यामुळे जो आवाज येतो तो अंगावर येतो. घड्याळाचे बारा ठोके, शाळा सुटल्याची घंटा. फ्राऊ बेकमान हात पुसते, हसते. तिची मुलगी एल्सी यायची वेळ झाली.

[शाळेबाहेरचा रस्ता. चेंडू घेतलेली एल्सी. मोटारीचा भोंगा.]

एल्सी रस्ता ओलांडायला निघते, मोटार भोंगा वाजवते, पोलीस पुढे होऊन वाहनं थांबवतो आणि तिला पलीकडे सोडतो. गाडीखाली येण्यापासून हे शहर मुलांना वाचवतं. ज्यापासून वाचवायला हवं ते पोलिसाला दिसत नाही. लांग यावर एक शब्दही बोलत नाही, थेट घरात कट घेतो. आई टेबलावर ताट मांडतेय.

आता तो शॉट. रस्त्यावर जाहिरातींचा गोल खांब आहे, त्यावर पोलिसांचं पत्रक. खुनी कोण? दहा हजार मार्कांचं बक्षीस. एल्सी त्या पत्रकावरच चेंडू आपटतेय, टप्पा घेतेय, पुन्हा आपटतेय. आणि पत्रकावर एक सावली येऊन थांबते. हॅट घातलेल्या माणसाची. आवाज मऊ, जवळजवळ लाडाचा. किती छान चेंडू आहे तुझा. नाव काय तुझं?

प्रश्न छापलेला आहे आणि उत्तर त्यावरच येऊन पडलंय, पण वाचणारं कोणी नाही. सावली थोडी खाली वाकते. बस्स, कट.

कॅमेरा फ्रिट्झ आर्नो वाग्नरचा. १९२२च्या 'नोस्फेराटू'चा छायाचित्रकारही हाच. जिन्याच्या भिंतीवर चढत जाणारी, लांब नख्यांची ती पिशाच्चाची सावली सिनेमाचे विद्यार्थी आजही पाहतात. पण इथली सावली बघा. नख्या नाहीत, वेडेवाकडे आकार नाहीत. एक हॅट आणि एक नाक, रस्त्यावरच्या कुणाचीही असेल अशी. मला हीच सावली जास्त भयंकर वाटते.

[फुगेवाला. पाठमोरा माणूस. शीळ.]

यानंतर तो दिसतो, पण पाठमोरा. आंधळ्या फुगेवाल्याकडून माणसाच्या आकाराचा फुगा घेतो आणि एल्सीला देतो. ती रीतसर आभार मानते. पूर्ण वेळ तो शीळ घालतोय. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याच्या 'पीअर गिंट'मधली ती धून. खुन्याची भूमिका करणाऱ्या पेटर लोरेला शीळ घालता येत नव्हती, म्हणून ती खुद्द लांगने घातली. ही शीळ नुसती ओळखीची खूण नाही. पुढे सिनेमाभर लक्ष ठेवा, आतली ओढ अनावर झाली की ती त्याच्या ओठांवर येते, त्याच्याही नकळत. चेहरा दिसण्याआधीच त्याच्या मनाचा आजार आपल्याला ऐकू आलेला असतो. आणि ज्याला दिसत नाही त्या फुगेवाल्याच्या कानात ती धून जाऊन बसते. पुढे त्याला पकडून देतो तो हाच फुगेवाला.

ही पटकथा लांगची पत्नी थेया फॉन हार्बू हिने त्याच्यासोबत लिहिली. जाता जाता सांगायला हवं, लांगशी घटस्फोट झाल्यावर तिने ज्यांच्याशी गुपचूप लग्न केलं ते आयी तेंडुलकर बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, आपले मराठी गृहस्थ.

पुन्हा घरात. माझ्या मते या प्रसंगातलं खरं पात्र घडतं ते इथे. फ्राऊ बेकमान भाजी चिरते, घड्याळाकडे बघते. जिन्यावर पावलं वाजतात, ती धावत दार उघडते, तर शेजारची मुलं. घंटा वाजते. आता तरी? दारात मासिकाचा नवा अंक विकणारा माणूस, सनसनाटी गोष्टीचा पुढचा भाग घेऊन आलेला. ती जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहते. खिडकी उघडून हाक मारते, "एल्सी!"

तिच्या हाका चालू राहतात आणि पडद्यावर येतात रिकाम्या जागा. चौकोनी जिना, खालपर्यंत ओस. वाळत घातलेल्या कपड्यांचा पोटमाळा. न वापरलेलं ताट, बाजूला चमचा. मग हाका थांबतात. झुडपातून चेंडू घरंगळत बाहेर येतो. विजेच्या तारांत अडकलेला फुगा जरा थरथरतो आणि सुटून जातो.

रक्ताचा थेंब नाही, झटापट नाही. लांगला माहीत होतं की प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनातला सर्वात वाईट प्रसंग त्या झुडपामागे घालणार, आणि तसा राक्षसही. प्रेक्षकाला राक्षस रचू द्यायचा हाच तर डाव होता. कारण नंतर आरशासमोर खुनी पहिल्यांदा नीट दिसतो तो गोबऱ्या गालांचा, बटबटीत डोळ्यांचा तरुण, स्वतःचाच चेहरा वेडावाकडा करून पाहणारा. आपण रचलेला राक्षस त्या चेहऱ्यावर बसत नाही. शेवटी तो शहरातल्या गुन्हेगारांनीच भरवलेल्या कोर्टात गुडघे टेकून ओरडतो की हे माझ्या हातात नाही, तेव्हा तर पंचाईतच होते. त्याची दया येते आणि त्या दयेची लाजही वाटते, कारण फ्राऊ बेकमानची हाक अजून कानात आहे.

लोरे ज्यू होता. १९३३ मध्ये त्याने जर्मनी सोडली, पुढच्या वर्षी नाझींनी 'एम'वर बंदी घातली. १९४० साली 'द इटर्नल ज्यू' हा ज्यूद्वेषी प्रचारपट आला. त्यात लोरेचं हेच आक्रंदन कापून घातलं आणि निवेदनात आरोप केला की हा ज्यू नट खुन्याला सोडून बळीलाच दोषी ठरवतोय. ज्या सिनेमाने खुन्याच्या चेहऱ्याआधी मारल्या गेलेल्या मुलीची आई दाखवली, त्याच्यावर हा आरोप. सुरुवात कापल्याशिवाय तो करताच आला नसता.