चाकं वर तर पाणी, चाकं खाली तर जमीन

श्रोतेहो, नमस्कार. आजचं विमान सिकोर्स्की एस-३८. अमेरिकेत २५ मे १९२८ रोजी ते पहिल्यांदा उडालं. खाली होडीसारखं पोट आणि वर उचलता येणारी चाकं. चाकं वर घेतली की पाण्यावर उतरायचं, खाली सोडली की जमिनीवर. पुन्हा सांगतो, चाकं वर तर पाणी, चाकं खाली तर जमीन.

आता ते बनवणाऱ्या इगोर सिकोर्स्कींकडे येऊ. क्रांतीनंतर रशिया सोडलेला हा माणूस १९२३ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, एका कोंबड्यांच्या फार्मवर एस-३८ च्या आधीचं एक विमान जोडत होता. हाताखालचे कामगारही बरेचसे तसेच, देश सुटलेले. विमानाला लागणारे लोखंडी अँगल कुठले? भंगारातल्या जुन्या खाटांचे! आपल्याकडे माळ्यावरच्या मोडक्या पलंगाला तरुण मंडळी नावं ठेवतात. ठेवू नयेत. जुनं लोखंड फार गुणी असतं, असं माझं ठाम मत आहे.

पैशांची चणचण कायमची. पियानोवादक रखमानिनोव यांनी ५००० डॉलरचे शेअर घेतले, म्हणून काम पुढे सरकलं.

आणि आला ४ मे १९२४. पहिलं उड्डाण. खरं तर विमान रिकामंच न्यायला हवं होतं. पण आठ कामगार आत जाऊन बसले. तुटपुंज्या पगारावर, कधी तर पगाराशिवायच राबलेली माणसं ती! 'उतरा' म्हणायला सिकोर्स्कींची जीभ रेटेना. विमान उचललं गेलं, पण जुन्या इंजिनांना एवढा भार पेलवेना. ते गोल्फच्या मैदानावर आदळलं. माणसं वाचली, विमान मोडलं.

सिकोर्स्कींनी भागधारकांना बोलावलं, दाराला कुलूप घातलं आणि सांगितलं, २५०० डॉलर जमल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. पैसे जमले! त्याच वर्षी ते विमान दमदार इंजिनं लावून पुन्हा उडालं.

ते जमिनीवरचंच होतं. मग पाण्या-जमिनीचं एस-३४ झालं, एस-३६ झालं, आणि शेवटी आपलं एस-३८. सुमारे ४०० अश्वशक्तीची दोन वास्प इंजिनं, आठेक प्रवासी. शंभरावर विमानं बनली. धावपट्टी नाही पण खाडी आहे, अशी गावं कॅरिबियन बेटांवर कितीतरी. तिथे पॅन अमेरिकन या विमान कंपनीला हेच हवं होतं. ४ फेब्रुवारी १९२९ रोजी प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग मायामीहून पनामाची टपाल घेऊन निघाले, ते याच एस-३८ मधून. त्या दिवशी त्यांचा सत्ताविसावा वाढदिवस होता.