रडायचे कोणी? ‘श्यामची आई’च्या बोलक्या पुस्तकांविषयी

मित्रहो, ‘श्यामची आई’ हे पुस्तक मुळातच ऐकवण्याच्या रीतीने लिहिलेले आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडला आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना आटोपली की सवंगडी गोळा होतात आणि श्याम त्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो; अशा बेचाळीस रात्री झाल्या की पुस्तक संपते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत ते लिहून काढले. अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांशी वर्षानुवर्षे बोलत आलेल्या शिक्षकाच्या हातून ते उतरले, म्हणून त्यातली वाक्ये बोलणाऱ्याच्या श्वासाच्या मापाची आहेत. मोठ्याने वाचणाऱ्याला हे पहिल्या पानावरच जाणवते.

गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून हे पुस्तक सर्वांचे झाले. ते ध्वनिमुद्रित करायला आज कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यामुळेच एकच मजकूर वेगवेगळ्या आवाजांत मिळतो. माझे वाचनही त्याच मोकळिकीचा फायदा घेऊन झाले. दृष्टिहीन मुलांसाठी म्हणून मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरात, एका मे महिन्यात, भिंतींवर आजीच्या दोन वाकळा टांगून आणि पंखा बंद ठेवून ते केले. खोलीतला घुमारा मारायला वाकळेसारखे दुसरे साधन नाही. उकाड्याचे काय झाले ते विचारू नका. शेजारच्या कुकरची शिट्टी मात्र अकराव्या रात्रीत अजून ऐकू येते.

त्या पहिल्या वाचनात मी एक मोठी चूक केली, आणि आजचे व्याख्यान खरे तर त्या चुकीविषयी आहे. मी आईसाठी वेगळा, हळवा, किंचित कापरा आवाज काढला आणि करुण प्रसंग आला की गळा दाटू दिला. मला वाटले, बाईच्या आवाजात आई जिवंत होईल. सहावीतल्या एका मुलाने चार रात्री ऐकल्या आणि मला म्हणाला, “बाई, तुम्ही रडायला लागलात की मला गोष्टच ऐकू येत नाही.”

हा दोष माझ्या एकटीचा आहे असे मात्र मला वाटत नाही. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून वनमालाबाईंनी साकारलेली आई आणि ‘भरजरी गं पितांबर’चे सूर मराठी घराघरांत असे मुरले, की पुस्तक उघडण्याआधीच आपला कंठ दाटतो. पडद्यावर ते शोभते, कारण तिथे चेहरा आहे, अंतर आहे, अंधारात शेजारी बसलेली माणसे आहेत. इयरफोनमधला हुंदका थेट कानाच्या पडद्यावर पडतो, आणि ऐकणाऱ्याला स्वतःचे काही वाटून घ्यायला जागाच उरत नाही.

शिवाय पुस्तकात बोलतो आहे कोण? आई नव्हे. आई केव्हाच गेलेली आहे. मोठा झालेला, आयुष्यात बरेच काही सोसलेला एक मुलगा मित्रांना तिच्याविषयी सांगतो आहे, आणि त्याला ते शेवटपर्यंत सांगायचे आहे. रोज रात्री जो ढसाढसा रडेल तो बेचाळीस रात्री बोलू शकेल का? या कुटुंबाची चिवट सोशिकता मला आईच्या अश्रूंपेक्षा या सांगण्याच्या संथपणात अधिक दिसते. ‘तेल आहे तर मीठ नाही’ हे एका रात्रीचे नावच पाहा. आपल्याकडे कोणतीही बाई चुलीपुढे बसून सहज बोलेल असे ते वाक्य आहे. ते रडून म्हटले तर त्यातली रोजची ओढाताण जाते आणि नुसती दया उरते.

‘अळणी भाजी’ची रात्र घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मिठाविषयी एका शब्दाने न बोलता, उलट भाजीचे कौतुक करत चवीने जेवतात आणि त्यांच्याकडे पाहून मुलगाही गप्प राहतो. आई मागाहून जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते आणि आपल्याला कोणी सांगितले कसे नाही याची रुखरुख लागते. घडते ते एवढेच. प्रसंगाचा सगळा जीव न बोलण्यात आहे, आणि मी मात्र पहिल्या वेळी वडिलांचे भाजीचे कौतुक अशा अर्थपूर्ण स्वरात वाचले होते, की आईला ते तिथेच उमगले असते! दुसऱ्यांदा मी ते घरात भाजीविषयी बोलतात तसे वाचले. त्यानंतर केवळ एक श्वासभर थांबले. त्या थांबण्यातून मुलांना नेमके काय ते कळले.

दुसरी चूक छाटणीची होती. मुलांना कंटाळा येईल म्हणून मी प्रत्येक रात्रीच्या आरंभीचे आश्रमातले बोलणे गाळले होते. त्याने वेळ वाचला, पण श्रोतेच नाहीसे झाले. ती माणसे असतात तोवर श्याम कोणाला तरी सांगत असतो, आणि आपण त्यांच्यातच कुठेतरी बसलेलो असतो. ती काढली की उपदेश तेवढा शिल्लक राहतो. गुरुजींच्या लेखनात उपदेश बराच आहे, हे मान्यच केले पाहिजे. तो पचतो तो या बैठकीमुळे.

भाषेविषयीही बोलले पाहिजे. हे घर कोकणातले, पालगडचे; ओटी, पडवी, माजघर ही त्याची जग मोजण्याची मापे. आमच्या कोल्हापुरी तोंडाने कोकणी हेल काढायला गेले तर ती नक्कल होते, म्हणून मी आपली साधी प्रमाण मराठी ठेवली. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते ती रात्र ऐकताना, पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या पोरांना कोणतेही स्पष्टीकरण लागले नाही.

यंत्राच्या आवाजात पुस्तके वाचून घेण्याची सोय आता झाली आहे, आणि ज्याला परीक्षेचे पुस्तक आजच हवे आहे त्याच्यासाठी ती मोलाची आहे. परंतु आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार एकाच अक्षरात दडलेले आहेत. ‘श्यामची’मधला च तालव्य, ‘श्यामचा’मधला दंत्य, ‘जरा थांब’मधला जरा वेगळा आणि म्हातारपण या अर्थाची जरा वेगळी. मी वापरून पाहिलेला यांत्रिक आवाज इथे वारंवार अडखळला. तो रडत मात्र नव्हता, एवढ्यापुरता तो माझ्यापेक्षा बरा होता.

सध्या माझे दुसरे ध्वनिमुद्रण चालू आहे. ते अखेरच्या रात्रींपर्यंत आले आहे आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ व्हायचे आहे. वसुलीला आलेल्या माणसाचे बोलणे असह्य होऊन एरवी सोसत राहिलेली आई तिथे त्याला खडसावते. संयमाचा माझा सगळा नियम त्या पानावर मोडायला हवा, हे मला पटले आहे. पण तिचा आवाज किती चढवायचा, आणि ती आठवण सांगणाऱ्या श्यामचा किती, हे तीनदा वाचूनही अजून जमलेले नाही. वाकळा तशाच टांगलेल्या आहेत.