कात्री अडकवणारी गोळी

हे पुण्याचं नायडू हॉस्पिटल. ऑगस्ट २००९ मध्ये इथे स्वाइन फ्लूच्या तपासणीला ही भली मोठी लाइन, तोंडाला साधा हातरुमाल बांधलेला आणि कित्येकांच्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी, मधून मधून हुंगायला. ३ ऑगस्टला शहरात १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूने झालेला देशातला पहिला मृत्यू, आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव, टॅमिफ्लू.

टॅमिफ्लू हे ब्रँडचं नाव, आतलं औषध ओसेल्टामिविर. आणि त्याचा कच्चा माल बघा, चक्रीफूल, आपल्या मसाल्याच्या डब्यातलं! यातून शिकिमिक ॲसिड काढतात, त्यावर बऱ्याच प्रक्रिया झाल्या की मग औषध तयार होतं, त्यामुळे बिर्याणीत चार चक्रीफुलं जास्त टाकून फ्लू जात नाही, कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो.

फ्लूचा व्हायरस पेशीत शिरतो, स्वतःच्या कॉप्या काढतो, पण बाहेर पडताना त्या पेशीलाच चिकटून बसतात, गुळाला मुंगळे चिकटावेत तशा, आणि गंमत म्हणजे जिथे चिकटतात तोही साखरेचाच प्रकार. सुटायला व्हायरसकडे एक कात्री असते, न्यूरामिनिडेज. हे औषध जाऊन बसतं ते थेट त्या कात्रीच्या पात्यांत. म्हणजे व्हायरस मरत नाही, त्याचं पसरणं अडतं, आणि पसरून झाल्यावर अडवणार काय? म्हणून डॉक्टर मागे लागतात, ताप-खोकला सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्या. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस, मुलांना वजनावर. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेली स्ट्रिप ड्रॉवरमध्ये टाकायची आपली जुनी खोड, ती इथे नको.

बाकी चमत्कार वगैरे नाही हं. २०१४ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधांचे पुरावे तपासणाऱ्या संशोधकांच्या संस्थेने, औषधाच्या कंपनीकडून ट्रायलचे कागद भांडून मिळवले आणि तपासले, तर मोठ्यांना आराम पडायला ७ दिवस लागायचे ते ६.३ वर आले, बस एवढंच, वर मळमळ-उलटी. धडधाकट माणसाचं बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आणि गरम पेजेवर भागतं. पण गरोदर बाई, दम्याचा पेशंट किंवा ॲडमिट करायची वेळ आलेला असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात, आणि बरोबरच आहे ते.

२००९ च्या त्या साथीत ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळायचीच नाही. २०१७ मध्ये शेड्यूल एच-वन या सरकारी औषध-यादीत आली, आता चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो आणि देतो.