रंगाची रेघ कुठे मोडते?

मँचेस्टर, १८८३. काचेच्या भिंतींची ही मोठी टाकी पाहा. आत एक आडवी काचेची नळी, आणि तिच्या तोंडाला कर्ण्याच्या आकाराचं लाकडी मुख. उंच फळ्यांवर उभा राहून एक जण लांब दांडा फिरवतोय. त्या दांड्यानं खालची झडप उघडते. टाकी भरून पाणी कित्येक तास तसंच राहू दिलंय, आत जरासुद्धा हालचाल उरायला नको म्हणून.

पाण्याबरोबर रंगाची बारीक धार नळीत शिरते. वेग कमी आहे तोवर ही रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. झडप आणखी उघडली, वेग वाढला, आणि मुखापासून बऱ्याच अंतरावर रेघ एकदम विस्कटली! पुढची सगळी नळी रंगानं भरून गेली. नुसत्या डोळ्यांना तिथे फक्त गढूळपणा दिसतो. पण प्रयोग करणाऱ्यानं विजेची ठिणगी पाडली, आणि त्या क्षणभराच्या उजेडात गढूळपणा सुटा झाला. आत एकामागे एक वेटोळी होती. भोवरे.

हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स. जन्म बेलफास्टचा, १८४२ सालचा. पंचविशीतच मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले आणि १९०५ पर्यंत तिथेच राहिले. वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या आणि कमीजास्त तापमानाचं पाणी वापरून त्यांनी दाखवलं, की रेघ मोडणार की नाही हे एकट्या वेगावर ठरत नाही. वेग गुणिले नळीचा व्यास गुणिले घनता, भागिले द्रवाचा चिकटपणा: या एका आकड्यावर ते ठरतं. साध्या पाइपात हा आकडा साधारण २,००० च्या खाली असला, तर उठलेली खळबळ आपोआप विरते. घरातल्या अर्धा इंची पाइपातून सेकंदाला एक मीटर वेगानं पाणी येत असेल, तर तो १० हजारांच्या वर जातो.

पाणी अगदी निवांत असलं, तर रेघ २,००० हून बऱ्याच मोठ्या आकड्यापर्यंत टिकते. रेनॉल्ड्स यांनी ती आकडा १३,००० च्या आसपास जाईपर्यंत टिकवली होती. शंभरेक वर्षांनी मँचेस्टरमध्येच त्यांच्या उपकरणावर प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा ती आधीच मोडली. कारण काय, तर बाहेरच्या रस्त्यावरची वाहनं!

रेनॉल्ड्स यांना फक्त शास्त्रज्ञ म्हणून ओळखणं मात्र अर्धवट आहे. या प्रयोगाच्या आठ वर्षं आधी, १८७५ मध्ये, त्यांनी पंप आणि टर्बाइनचं पेटंट घेतलं होतं. पंपाचा फिरता इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, पाणी जोरात बाहेर फेकतो. पण वर चढवायला हवा असतो दाब, नुसता वेग कामाचा नाही. ते भरधाव पाणी तसंच मोकळ्या जागेत सोडलं, की बरीचशी शक्ती भोवऱ्यांत वाया जाते. रेनॉल्ड्स यांनी इंपेलरभोवती स्थिर पाती बसवली. पात्यांमधली वाट हळूहळू रुंदावत जाते, पाणी शिस्तीत मंदावतं आणि वेगाचा दाब होतो. शिवाय एकाच शाफ्टवर असे अनेक टप्पे ठेवले, की दाब चढत जातो. आपल्याकडे बोअरमध्ये मोटर सोडताना ‘किती स्टेजची?’ असं विचारतात, त्या स्टेज याच. पुढे मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीनं रेनॉल्ड्स यांचे पंप बनवले. तिथल्या कारखान्यामुळे चिंचवडकरांना हे नाव वेगळं सांगायला नको.

१८९५ मध्ये ते पुन्हा भोवऱ्यांकडे वळले, यावेळी कागदावर. प्रवाहाच्या वेगाचे त्यांनी दोन भाग केले: एक सरासरी, दुसरा तिच्याभोवतीची चढउतार. समीकरणांची सरासरी काढली, तर चढउतार पुसली जायला हवी होती. तशी ती गेली नाही, जास्तीचा ताण होऊन समीकरणांत उरली. हा लेख छापण्याआधी तपासणाऱ्यांपैकी होरेस लँब मँचेस्टरचेच, गणिताचे मोठे जाणकार. त्यांनाही यातला बराचसा भाग दुर्बोध वाटला. तरी लेख छापा, असं त्यांनी कळवलं, हे आपलं नशीब!

आज जेट इंजिनाचं टर्बाइन असो की धरणाखालचं, कॉम्प्युटरवर त्याचा प्रवाह सोडवताना बहुतेक वेळा हीच सरासरीची समीकरणं वापरतात. अडचण एवढीच, की त्या जास्तीच्या ताणामुळे अज्ञात राशी समीकरणांपेक्षा जास्त होतात. उरलेली जागा अंदाजी मॉडेलनं भरावी लागते. पंप ठरलेल्या प्रवाहावर चालत असेल, तर हे अंदाज चांगले जुळतात. झडप अर्धी बंद केली, की पाणी पात्यांवरून सुटतं, उलटं फिरतं, आणि मॉडेल चुकायला लागतं. म्हणून नव्या पंपाचं डिझाइन झालं, तरी त्याला टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या मांडणीवर, चढवून, पाणी सोडून, दाब आणि प्रवाह मोजावाच लागतो.