पुढचा बीटा: मधल्या दिवसांचं गणित

(दृश्य: फोनचा पडदा, अगदी जवळून. ‘सॉफ्टवेअर अपडेट’चं पान. चक्र फिरतंय.)

चक्र फिरतं, थांबतं. खाली ओळ उमटते: तुमचा फोन अद्ययावत आहे. अंगठा पान पुन्हा खाली ओढतो. पुन्हा चक्र.

दिवसाच्या चोवीसपैकी तेवीस तास ही ओढाओढ फुकट जाते. ॲपल आयफोनचे बीटा, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी तपासणीसाठी दिलेल्या कच्च्या आवृत्त्या, बहुतेक वेळा कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजले की सोडते. उन्हाळ्यात तेव्हा जागतिक प्रमाणवेळेत १७ वाजलेले असतात, भारतात रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेदहाचे साडेअकरा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेदहा. त्या वेळेनंतर तासभर काहीच हललं नाही, तर त्या दिवसाची आशा सोडलेली बरी.

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेला कागद. तारखा निळ्या शाईत, दोन तारखांमधले दिवस लाल शाईत.)

तास कळला. आता पुढचा बीटा कुठल्या दिवशी येईल, ते.

या कागदावर आयओएस १८ च्या, म्हणजे आयफोनच्या प्रणालीच्या, २०२४ मधल्या बीटांच्या तारखा आहेत. पहिला १० जूनला, ॲपलच्या वार्षिक विकसक परिषदेच्या उद्घाटनाच्याच दिवशी. मग २४ जून, ८ जुलै, २३ जुलै, ५ ऑगस्ट, १२ ऑगस्ट, २० ऑगस्ट, २८ ऑगस्ट. नंतर ९ सप्टेंबरला आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिम होऊ घातलेली आवृत्ती, आणि १६ सप्टेंबरला सगळ्यांसाठी अंतिम आवृत्ती.

निळी शाई सोडा, लाल वाचा. चौदा, चौदा, पंधरा, तेरा. मग एकदम सात, आठ, आठ. मग बारा.

खालची ओळ त्याच्या आदल्या वर्षाची, आयओएस १७ ची. ५ जून, २१ जून, ५ जुलै, २५ जुलै, ८ ऑगस्ट, १५, २२, २९, आणि १२ सप्टेंबरला आरसी. लाल आकडे: सोळा, चौदा, वीस, चौदा, सात, सात, सात, चौदा. तारखा वेगळ्या, पण चाल तीच. जून-जुलैत पंधरवडा, ऑगस्टचा पहिला आठवडा ओलांडला की आठवडा, आणि शेवटचा बीटा ते आरसी पुन्हा लांब उडी. ती उडी नव्या फोनच्या कार्यक्रमाला बांधलेली असते. कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली की आरसीचा अंदाज बांधायला काही उरतच नाही.

वारसुद्धा बघा. २०२४ मधले आठ बीटा: पाच सोमवारी, दोन मंगळवारी, एक बुधवारी. शुक्रवारी एकही नाही. ज्याला शनिवारी-रविवारी तक्रारींचे फोन घ्यायचे नसतात, तो शुक्रवारी काही सोडत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याही खोलीत हा नियम पाठ असतो.

आणि तो वीस दिवसांचा खड्डा, ५ ते २५ जुलै २०२३? तिसरा बीटा ११ जुलैला दुरुस्त करून पुन्हा सोडला गेला, दुसऱ्या दिवशी तो सार्वजनिक बीटा म्हणून, विकसकांपुरता न राहता कुणालाही घेता येईल असा, बाहेर आला. चौथ्याचा हिशेब ५ जुलैपासून मांडणारे चुकले. ११ पासून मांडला तर १४ दिवस, चोख. पुढच्या वर्षीही असंच झालं: ८ जुलैचा तिसरा बीटा १५ तारखेला पुन्हा निघाला. म्हणून कागदावर दुरुस्त बिल्डची, म्हणजे पुन्हा बांधलेल्या प्रतीची, तारीखही टिपायची, कंसात का होईना.

(दृश्य: फोनची माहिती देणारं ‘अबाउट’चं पान. बिल्ड क्रमांकावर कॅमेरा सरकतो.)

आता हा क्रमांक. २२ए५३५०ए. आयओएस १८ चा आठवा बीटा.

सुरुवातीचे २२ म्हणजे प्रणालीची पिढी. आयओएस १७ साठी २१ होतं. त्यापुढचं ए म्हणजे पिढीतली पहिली गाडी, १८.०. बी असेल तर १८.१, सी असेल तर १८.२. मधल्या चार आकड्यांची सुरुवात पाचने झाली की समजायचं, बीटा आहे. अंतिम आवृत्तीत हा पाच जातो: आयओएस १८ चा अंतिम क्रमांक २२ए३३५४.

खरी गंमत शेवटच्या अक्षरात. पहिल्या बीटाला तिथे एम होतं: २२ए५२८२एम. सहाव्याला बी: २२ए५३३८बी. सातव्याला ए: २२ए५३४६ए. आठव्याला पुन्हा ए. एकच बिल्ड दुरुस्तीसाठी परत परत बांधावा लागला की हे अक्षर पुढे सरकतं. एम म्हणजे बरीच ठिगळं लागली. ए म्हणजे पहिल्याच बांधणीत सोडण्यालायक निघाला. अक्षर सलग ए-बीच्या घरात रेंगाळायला लागलं की मुक्काम जवळ आला. हा लिखित नियम नाही, वर्षानुवर्षं क्रमांक टिपून ठेवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. पण शेवट जवळ आल्याची चाहूल तो बऱ्याचदा देतो.

मधला आकडाही बोलतो. सहाव्यापासून सातव्यापर्यंत आठ दिवसांत तो आठने वाढला. सातव्यापासून आठव्यापर्यंतही आठच दिवस, पण वाढ फक्त चारची. बदल आटले होते.

(दृश्य: अंधाऱ्या पडद्यावर भराभर वर सरकणाऱ्या ओळी. हिरवी खूण, हिरवी खूण, एक लाल.)

पंधरवड्याचा आठवडा का होतो, ते या ओळींमध्ये आहे. बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरचा बिल्ड रोज रात्री बांधला जातो. बीटासाठी कोडची एक शाखा, म्हणजे वेगळी प्रत, बाजूला काढतात आणि तिच्यात नवं काही टाकणं बंद करतात. आधी वरवरची तपासणी: चालू होतो का, फोन लागतो का, कॅमेरा उघडतो का. मग स्वयंचलित चाचण्या. मग कंपनीतलीच माणसं काही दिवस तो आपापल्या फोनवर वापरतात. सापडलेल्या चुकांची वर्गवारी होते: हिच्यासाठी थांबायचं, ही ‘ज्ञात त्रुटी’ म्हणून टिपणात लिहून पुढे जायचं. दुरुस्ती आली की शाखा पुन्हा बांधायची, अक्षर एकाने पुढे. शेवटी डिजिटल सही, सर्व्हरवर चढवणं, आणि दहा वाजता दार उघडणं.

जूनमध्ये नव्या सोयी अजून आत येत असतात, आणि प्रत्येक सोय दुसऱ्या कुणाच्या पायावर पाय देते. शाखा स्थिर व्हायलाच बरेच दिवस जातात. ऑगस्टमध्ये फक्त दुरुस्त्या उरतात, बदल छोटे होतात, आठवडा पुरतो.

बीटासोबतचं टिपण, रिलीज नोट्स, लोक वाचत नाहीत. वाचावं. ‘ज्ञात त्रुटी’ लांबलचक आणि ‘दुरुस्त झालेल्या’ तोकड्या असतील, तर पुढचा बीटा ठरलेल्या अंतराच्या आधी येणं कठीण. उलट एखादी त्रुटी फोन लावण्याच्या किंवा डेटा उडण्याच्या जातीची असेल, तर तीन-चार दिवसांतसुद्धा येतो.

(दृश्य: पडद्यावर सूचनेची चौकट. बंद केली. पुन्हा आली. बंद केली. पुन्हा आली.)

ऑगस्ट २०१८. १३ तारखेला आयओएस १२ चा सातवा बीटा आला आणि काही तासांत मागे घेतला गेला, कारण फोन गोगलगाय झाले होते. आठवा दोन दिवसांत आला. महिनाअखेरीस ही चौकट: नवं अपडेट उपलब्ध आहे, बीटावरून अपडेट करा. अपडेट मात्र कुठेच नव्हतं. कुलूप उघडलं की चौकट हजर. बीटाला मुदत असते, आणि ती संपत आल्याचा हिशेब फोन चुकीचा करत होता. ३१ ऑगस्टला बारावा बीटा आला, चौकट गेली. असे आणीबाणीचे बीटा कागदावरच्या कुठल्याच गणितात बसत नाहीत. त्यांना लाल शाईत धरू नका. पुढचं अंतर बिघडतं.

(दृश्य: टर्मिनलची खिडकी. आवृत्त्यांची यादी, समोर तारखा.)

आता हे दुसरं टोक. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीचा गाभा. इथे अंदाज बांधायची वेळच येत नाही.

दोन आठवडे नवा कोड घेण्याची खिडकी उघडी असते. खिडकी बंद होते त्या रविवारी आरसी-१. मग दर रविवारी एक: आरसी-२, आरसी-३, साधारण आरसी-७ पर्यंत. पुढच्या रविवारी अंतिम. दोन अधिक सात, नऊ आठवडे, ६३ दिवस. काही खटकलं तर आरसी-८ निघतो आणि ६३ चे ७० होतात. यादी बघा. ६.७: ७ जानेवारी २०२४. ६.८: १० मार्च. ६.९: १२ मे. ६.१०: १४ जुलै. ६.११: १५ सप्टेंबर. ६.१२: १७ नोव्हेंबर. ६.१३: १९ जानेवारी २०२५. दोन-दोन तारखांमधले दिवस मोजा. ६३, ६३, ६३, ६३, ६३, ६३.

६.१४ ला मात्र ६४ लागले. रविवारऐवजी सोमवार, २४ मार्च २०२५. पुढच्या खिडकीची आवराआवर करताना आवृत्ती काढायचीच राहून गेली, असं लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी स्वतःच जाहीर लिहिलं. वेळापत्रक उघड असलं की एका दिवसाच्या उशिराचंही कारण लोकांना कळतं. ते दारामागे असलं की वीस दिवसांच्या खड्ड्यावर अफवांचं पीक येतं.

लिनक्सवर उभी असलेली उबंटू ही प्रणालीही तशीच. दर एप्रिल आणि ऑक्टोबर, तारखा आधीच जाहीर. २४.०४ चा बीटा ४ एप्रिल २०२४ ला यायचा होता. २९ मार्चला एक्सझेड नावाच्या फाइल दाबणाऱ्या साधनात कुणीतरी पेरलेली चोरवाट उघडकीला आली. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने ती शिरल्यानंतर बांधलेली पॅकेजेस नव्याने बांधायला घेतली. बीटा ११ एप्रिलला आला. अंतिम आवृत्ती ठरल्या दिवशीच, २५ एप्रिलला.

(दृश्य: दोन फोन शेजारी शेजारी. एकावर अपडेट दिसतंय, दुसऱ्यावर नाही.)

अँड्रॉइड मधल्या पट्टीत. कुठल्या महिन्यात ते गुगल आधीच सांगतं, दिवस सांगत नाही. अँड्रॉइड १६ चे बीटा २३ जानेवारी, १३ फेब्रुवारी, १३ मार्च आणि १७ एप्रिल २०२५ ला आले, चारही गुरुवारी. क्रोमला अंदाज लागतच नाही: सप्टेंबर २०२१ मधल्या ९४ व्या आवृत्तीपासून चक्र चार आठवड्यांचं झालं आणि पुढच्या तारखा उघड्या पडलेल्या असतात.

दोन फोनमधला हा फरक तारखेचा नाही. गुगलच्या पिक्सेल फोनला अपडेट टप्प्याटप्प्याने मिळतं, थांबावं लागतं. आयफोनवर बीटा सुटूनही दिसत नसेल, तर आधी ‘बीटा अपडेट्स’ची निवड ‘बंद’वर गेलीय का पाहा. मग ‘आयफोन स्टोरेज’मध्ये जा, जुना बीटा उतरवून तसाच पडला असेल तर तो नव्याला झाकतो, फाइल काढून टाका. तरीही नाही? जाहिराती अडवणारं डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी सेवा) किंवा व्हीपीएन (इंटरनेटची आडवाट) थोडा वेळ बंद करा. ॲपलच्या अपडेट सर्व्हरचा पत्ताच कधी कधी त्यात अडकतो.

(दृश्य: कागदावर हात. लाल पेनाने पुढचा चौकोन आखला जातोय.)

चौकोन असा आखायचा. समजा चौथा बीटा जुलैच्या शेवटच्या मंगळवारी आला. अजून पंधरवड्याचा काळ आहे, म्हणून चौदा दिवस मोजा. एक दिवस अलीकडे, एक दिवस पलीकडे. सोमवार ते बुधवार, तीन घरं. त्यात अमेरिकेतली सुट्टी पडते का ते पाहा: ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, नाताळचा अख्खा आठवडा. पडत असेल तर चौकोन सरकवा, शक्यतो पुढे. मग बिल्डचं शेवटचं अक्षर बघा. ए किंवा बी दिसलं तर चौदाचे सात करा. आणि दुसरी गाडी त्याच रुळावर आहे का तेही बघा. २०२४ मध्ये १८.० अजून बीटातच असताना २९ जुलैला १८.१ चा पहिला बीटा निघाला. त्या उन्हाळ्यात २२ए आणि २२बी एकाच कागदावर मांडणाऱ्यांचा पार गोंधळ झाला. दोन गाड्या, दोन कागद.

(दृश्य: केबल. संगणकावर बॅकअपची पट्टी भरतेय.)

चौकोनातला पहिला दिवस उजाडण्याआधी बॅकअप घ्या, तोही संगणकावर, कूटबद्ध करून, आणि ‘संग्रहित’ करून ठेवा म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर चढत नाही. नव्या प्रणालीवर घेतलेला बॅकअप जुन्या प्रणालीवर उतरत नाही. परतीची वाट या एकाच फाइलमधून जाते. चार्जर लावलेला नसेल तर बॅटरी निदान निम्मी हवी. जागा डाउनलोडच्या आकारापेक्षा बरीच जास्त ठेवा, कारण फाइल उलगडतानाही जागा खाते.

बँकेची ॲप बंद पडतात, बॅटरी दुपारीच संपते, गजर वाजत नाही. रोजच्या फोनवर बीटा नको.

(दृश्य: ‘सॉफ्टवेअर अपडेट’चं पान. चक्र. ‘तुमचा फोन अद्ययावत आहे.’)

हा पडदा सुरुवातीचा नाही, आरसीनंतरचा आहे. अंतिम आवृत्ती बाहेर पडली, सगळीकडे घोषणा झाली आणि बीटावाल्याच्या फोनवर काहीच येत नाही. बिल्ड क्रमांक जुळवून पाहा. आरसी आणि अंतिम आवृत्तीचा क्रमांक एकच असेल, तर तुमच्याकडे ती आठवडाभर आधीच आलेली आहे. बीटातून बाहेर पडायचं असेल तर ते आत्ताच: सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स, बंद. पुढच्या गाडीचा पहिला बीटा फोनवर चढला की ही सोपी वाट मिटते.

(दृश्य: अंगठा ‘बंद’वर टेकतो. भिंतीवरच्या कागदाला नवा कागद जोडला जातो. पहिली तारीख अजून कोरी.)