लोकल म्हणजे नक्की कुठलं?

नमस्कार मंडळी. भाषण सुरू करायच्या आधी एक हात वर करून दाखवा बघू, लोकल भाजी, लोकल फळं घ्यायला कोणाकोणाला आवडतात? बघा, जवळजवळ सगळेच हात वर आहेत. आता मला सांगा लोकल म्हणजे कुठलं? ... हां, मागून कोणीतरी वसईची भाजी म्हणालं, या ताई म्हणतात नाशिकची, काका म्हणतात गावरान, आणि तिकडून आवाज आला 'महाराष्ट्रातलं'. एकाच हॉलमध्ये चार उत्तरं आली, आणि गंमत नाही, बाजारात उभं राहिल्यावर आपण सगळे याच गोंधळात पैसे देत असतो.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, सासर पनवेल. गेली काही वर्षं आमच्या सोसायटीत रविवारी शेतकऱ्यांचा छोटा बाजार भरतो तिथे मी टेबल सांभाळते, म्हणजे माल माझा नाही, मी फक्त मदत करते, पण लोक काय विचारतात आणि शेवटी काय उचलतात हे दर रविवारी डोळ्यांसमोर असतं. त्यातून मला जे वाटत आलंय ते आधीच सांगून टाकते, की आपल्या भागातल्या अन्नावर लोकांचं प्रेम कमी नाहीये, ओळख कमी आहे. ओळख नसली की मग माणूस नाव बघतो, आणि नाव कोणीही पेटीवर छापू शकतो.

आता अंतराचंच बघा. सोलापूरच्या माणसाला विजापूर शंभरेक किलोमीटरवर, देवगड त्याच्या तिप्पट लांब. पण तिकडची लिंबं त्याला 'कर्नाटकची' वाटतात आणि देवगडचा आंबा 'आपला' वाटतो. म्हणजे लोकल हे आपण किलोमीटरमध्ये मोजतच नाही, भाषेत मोजतो, आठवणीत मोजतो, मामाच्या गावात मोजतो. गोव्यात तर याहून स्पष्ट दिसतं. तिथे रोजची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, सगळ्यांना माहीत असतं, खातातही सगळे, पण बाजारात एखादी बाई चार जुड्या घेऊन बसली आणि 'गांवठी' म्हणाली की लोक जास्त पैसे देऊन त्या आधी उचलतात. यात मला काही चुकीचं वाटत नाही हं. आपलं वाटणं हीसुद्धा चवच असते. फक्त त्या आपलेपणाचा धंदा दुसरं कोणी करत असेल तर आपल्याला कळलं पाहिजे.

हापूसची पेटी घ्या. मी लहान असल्यापासून ऐकतेय, पेटी उघडली की आत कागद कुठला ते बघायचं, मराठी पेपर असेल तर कोकणातला, कन्नड पेपर असेल तर तिकडचा. किती लोक अजून असंच बघतात! अहो कागद बदलायला कितीसा वेळ लागतो? आणि कर्नाटकातला हापूस वाईट असतो असंही नाही, धारवाडकडचा शेतकरी पण कष्टच करतो, त्याने त्याचा आंबा त्याच्या नावाने विकावा आणि आपण त्याच्या रेटने घ्यावा, भांडण तेवढंच आहे. हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालं, म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. आता तर देवगडच्या बागायतदारांनी एकेका आंब्यावर वेगळा कोड असलेला स्टिकर लावायला सुरुवात केलीय, म्हणजे नावाची चोरी केवढी झाली असेल विचार करा.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. ते जीआय किती जिल्ह्यांचं आहे माहितीये? पाच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. आपण बसलोय रायगडात! म्हणजे आपल्यासाठी खरा लोकल हापूस श्रीवर्धनचा, म्हसळ्याचा, अलिबागचा. तो कोणी मागतं का? माझ्या टेबलवर मागच्या मे महिन्यात रायगडचा आंबा होता, झाडावरून उतरवून गवतात पिकवलेला, लोक वास घ्यायचे, छान आहे म्हणायचे आणि मग विचारायचे, "देवगड नाहीये का?" त्या बागायतदाराचा चेहरा मी विसरू शकत नाही. हंगाम दक्षिणेकडून वर सरकत येतो, देवगडचा आधी सुरू होतो आणि रायगडचा जोरात येतो तो मे महिन्यात, तोपर्यंत लोकांची हौस भागलेली असते आणि वर पावसाची भीती. एवढी साधी गोष्ट ग्राहकाला माहीत असती तर त्याने मे महिन्यात मुद्दाम आपल्या जिल्ह्याचा आंबा मागितला असता.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, पांढरा कांदा. वडखळवरून अलिबागला जाताना पोयनाड, पेझारीच्या रस्त्यावर माळा टांगलेल्या सगळ्यांनी बघितल्या असतील. हा कांदा खंडाळे, कार्ले, नेहुली या बाजूच्या गावांत होतो, भात कापून झालं की जमिनीत जो ओलावा राहतो त्यावर लावतात, फेब्रुवारी मार्चमध्ये काढतात, आणि मग बायका त्याच्याच पातीने वेणी घालतात. आमच्या आज्जीची बोटं इतकी भरभर चालायची की आम्ही पोरं नुसती बघत बसायचो. वेणी शोभेसाठी नसते हो, टांगला की हवा लागते, कांदा वाळतो, टिकतो. तिखट कमी, गोडसर, जेवताना कच्चा खायचा. 1883 च्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी पुस्तकात, याचा उल्लेख आहे आणि 2022 मध्ये याला पण जीआय मिळालं.

आणि तरी लोक फसतात. कारण काय, तर डोक्यात एवढंच बसलंय की पांढरा म्हणजे अलिबागचा. पांढरा कांदा गुजरातमध्ये महुव्याकडे ढिगाने होतो, तिथे त्याची पावडर, फ्लेक्स करणारे कारखाने आहेत, वाळवायला लागतो म्हणून कमी पाण्याचा, जास्त घट्ट गराचा कांदा त्यांना हवा असतो. तो कांदा त्याच्या कामाला उत्तमच, पण तो अलिबागचा म्हणून विकला की घेणारा घरी जाऊन कापतो, डोळ्यातून पाणी येतं, आणि म्हणतो 'अलिबागच्या कांद्यात आता राम राहिला नाही'. नुकसान कोणाचं झालं? नेहुलीच्या बाईचं, जिने तो विकलाच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गोणीतला सुटा घेण्यापेक्षा वेणी बघा, वेणी त्याच्याच पातीची आहे का बघा, आणि मुख्य म्हणजे महिना बघा. नवीन कांदा दिवाळीत कोणी अलिबागचा म्हणून देत असेल तर तो नाही, कारण तेव्हा आमच्याकडे शेतात भात उभं असतं!

गावरान अंड्यांचं पण तसंच. तपकिरी दिसलं की गावरान, असं आपण धरून चाललोय. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, आणि बलकाचा रंग ती काय खाते त्यावर, मका जास्त दिला की पिवळा गडद होतो. गिरिराज, वनराज, कावेरी या सुधारित जाती आहेत, त्यांची अंडी पण तपकिरी असतात आणि बऱ्याचदा तीच गावरान म्हणून जातात. त्यात विष नाही, अंडं चांगलंच असतं, पण तुम्ही डबल पैसे मोकळ्या फिरणाऱ्या देशी कोंबडीचे दिलेले असतात. मग रंग बघू नका, विकणारीला विचारा कोंबड्या किती आहेत. वीस कोंबड्यांवाली बाई रोज शंभर अंडी आणूच शकत नाही.

तुम्ही म्हणाल सगळीकडे फसवणूकच आहे का. नाही नाही. जिथे काहीच फसवणूक नाही, शंभर टक्के खरं आणि जवळचं आहे, ते आपण घेतच नाही, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पहिला पाऊस पडला की पनवेल, कल्याण, ठाण्याच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका पहाटे डोंगरातली भाजी घेऊन येतात. शेवळं, म्हणजे रानसुरणाच्या फुलाचे कोंब, शिवाय फोडशी, टाकळा, कुर्डू, भारंगी. यांना खत नाही, फवारणी नाही, कोल्ड स्टोरेज नाही, आदल्या दिवशी खुडलेली. ज्या ऑर्गॅनिकसाठी आपण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचतो ते इथे उघड्या टोपलीत पडलेलं असतं, आणि माणसं त्याच्या बाजूने जाऊन फ्लॉवर घेतात. का? कंजूस म्हणून नाही. करायची कशी हेच माहीत नाही. मी त्या टोपलीजवळ उभी राहून बघितलंय, तरुण मुली थांबतात, हातात घेतात, फोटो काढतात, "हे काय असतं" विचारतात, ती बाई दोन शब्दांत सांगते, गर्दी असते, आणि मुलगी जुडी परत ठेवते. तिच्या आईने केली असती तर तिने घेतली असती. म्हणजे मधली एक पिढी स्वयंपाकात तुटली की बाजारातली टोपली रिकामी व्हायला लागते, आणि टोपली विकली गेली नाही की ती बाई पुढच्या वर्षी डोंगरात कशाला जाईल?

म्हणून आमच्या रविवारच्या टेबलवर आता आम्ही शेवळं नुसती ठेवत नाही, बाजूला गॅस लावून करूनच दाखवतो. चमचाभर चाखली की निम्मे लोक जुडी घेतात, त्यांना दुसरं काही समजवावं लागत नाही. आज जाताना तुम्हीपण ऐकून जा. वरचं आवरण सोडवायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, मग वालाबरोबर करा नाहीतर कोलंबीत घाला. आणि काकडं, ती छोटी हिरवी आंबट फळं, ती त्याच बाईकडे असतात, आठवणीने मागून घ्यायची आणि त्यांचा रस घालायचा, नाहीतर घसा खाजतो. काकडं नाहीच मिळाली तर चिंच घाला, पण आंबट घातल्याशिवाय शेवळं करू नका.