पेटी आपली, आंबा कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

कोकण रेल्वे सलग धावू लागली ती १९९८ साली. त्यानंतर दोन वर्षांनी मी कणकवलीत एक गाळा भाड्यानं घेतला आणि सायबर कॅफे सुरू केला. चार कॉम्प्युटर, एक मोडेम, टेलिफोनची एकच लाइन. पावसाचा जोर वाढला की लाइन जायची, लाइन असली की वीज जायची. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले, की मात्र बाकड्यावर माणसं नंबर लावून बसायची. कुणाला ईमेल बघायची, कुणाला दहावीचा निकाल, कुणाला आखातातल्या नोकरीची जाहिरात.

आज मी बोलणार आहे ते इंटरनेटवर शोधून देणाऱ्या कंपन्यांबद्दल, म्हणजे सर्च इंजिनांबद्दल. हल्ली आपण 'गूगल कर' असं सरळ क्रियापदच करून टाकलंय. पण त्या काळात अशा कंपन्या डझनभर होत्या आणि गूगल त्यात उशिरानं आलेली. बाकीच्यांचं काय झालं असं विचारलं, तर कुणीही सांगेल, गूगलनं त्यांना गिळलं. हे अर्धंच खरं आहे. बऱ्याच जणी आपल्या हातानं बुडाल्या, आणि त्यातलं थोडं मी माझ्या गाळ्यातल्या स्टुलावर बसून पाहिलंय.

आधी हे यंत्र चालतं कसं, ते सांगतो. एक प्रोग्रॅम असतो, तो इंटरनेटवर या पानावरून त्या पानावर फिरत राहतो. इंग्रजीत त्याला स्पायडर म्हणतात. मराठीत कोळी. आणि आपल्या किनाऱ्यावर कोळी म्हटलं की आढ्याला जाळं विणणाऱ्याआधी समुद्रात जाळं टाकणाराच डोळ्यांसमोर येतो. इथे तोच जास्त शोभतो. हा कोळी रोज जाळं टाकतो, मिळतील ती पानं ओढून आणतो. मग किनाऱ्यावर निवडानिवड: सुरमई इकडे, बांगडा तिकडे, पेडवे तिसऱ्या टोपलीत. या निवडलेल्या टोपल्या म्हणजे इंडेक्स, मराठीत सूची. तुम्ही शब्द टाकता तेव्हा कुणी समुद्रात जात नाही, टोपलीतून काढून देतात. जाळ्याला पैसे, टोपल्यांना पैसे, आणि ताजं ठेवायचं तर रोज पुन्हा जावं लागतं. हा खर्च लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या चारही कॉम्प्युटरवर मी पहिलं पान ठेवलं होतं अल्टाव्हिस्टाचं. डिजिटल इक्विपमेंट नावाच्या अमेरिकन कंपनीनं ते डिसेंबर १९९५ मध्ये लोकांसाठी उघडलं. या कंपनीचा धंदा मोठमोठे कॉम्प्युटर विकायचा. आमची मशीनं किती वेगवान आहेत ते बघा, हे दाखवायला त्यांनी हे सर्च इंजिन बांधलं. म्हणजे मासे विकायला नव्हे, होडीची जाहिरात करायला जाळं टाकलेलं! पण जाळं उत्तम निघालं. त्या वेळी इतकी पानं इतक्या वेगानं कुणीच शोधत नव्हतं. गंमत म्हणजे अल्टाव्हिस्टा डॉट कॉम हे नाव त्यांच्याकडे नव्हतंच, ते दुसऱ्याच एका कंपनीचं होतं. लोकांना अल्टाव्हिस्टा डॉट डिजिटल डॉट कॉम असा लांबलचक पत्ता टाकावा लागायचा. १९९८ मध्ये कॉम्पॅक या दुसऱ्या कॉम्प्युटर कंपनीनं डिजिटल विकत घेतली आणि मग त्या नावासाठी ३३ लाख डॉलर मोजले. पुढच्याच वर्षी अल्टाव्हिस्टातला मोठा हिस्सा सीएमजीआय नावाच्या कंपनीकडे गेला. चार वर्षांत तीन मालक. बाग अशी हात बदलत गेली, तर खत कोण घालणार?

नव्या मालकांना एक खूळ लागलं. ते तेव्हा साथीसारखं पसरलं होतं, त्याचं नाव पोर्टल. माणूस शोधायला येतो, उत्तर घेतो आणि निघून जातो. मग त्याला थांबवायचं कसं? तर पानावरच बातम्या द्या, शेअरचे भाव द्या, राशिभविष्य, खरेदी, फुकट ईमेल, हवामान. हवामान न्यूयॉर्कचं, बरं का. कणकवलीत पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं आणि पडद्यावर न्यूयॉर्कला ऊन.

आता हे सगळं माझ्या एका टेलिफोन लाइनवरून, चार कॉम्प्युटरांत वाटून यायचं. गिऱ्हाइकाकडून मी तासाप्रमाणे पैसे घ्यायचो. एकदा एक गृहस्थ भडकले, "रे, ह्या पान उघडापर्यंत माजी धा मिनटां गेली. तेचे पैशे कोण देतलो?" पैसे मीच सोडले. त्याच आठवड्यात कॉलेजातल्या एका मुलानं मला गूगल दाखवलं. पांढरं पान, मधे एक चौकोन, बस. लगेच उघडलं. कुठल्या पानाकडे इतर किती पानं आणि किती वजनदार पानं बोट दाखवतात, यावर ते क्रम लावतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते इतकंच, की हे माझ्या लाइनवर चालतं. संध्याकाळी चारही मशीनांवर मी पहिलं पान बदलून टाकलं.

अल्टाव्हिस्टाला आपली चूक कळली नाही असंही नाही. मे २००० मध्ये त्यांनी रेजिंग सर्च नावाचं एक सुटसुटीत पान वेगळं काढलं. पण मुख्य दुकानातली गर्दी तशीच ठेवून. २००३ मध्ये अल्टाव्हिस्टा १४ कोटी डॉलरला ओव्हरचर नावाच्या कंपनीकडे गेलं, तिथून ओव्हरचरसकट याहूकडे, आणि ८ जुलै २०१३ ला याहूनं त्याला कुलूप लावलं.

एक्साइटची गोष्ट तर मला अल्टाव्हिस्टापेक्षा जास्त चटका लावते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुलांनी काढलेली सर्च इंजिनाची कंपनी. १९९९ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे दोन तरुण आले, लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन. आमचं गूगल विकत घ्या म्हणाले. बोलणी साडेसात लाख डॉलरपर्यंत खाली आली होती. एक्साइटचे प्रमुख जॉर्ज बेल नाही म्हणाले. बेल यांना मी हसणार नाही. एक्साइटनं स्वतःचं तंत्र काढून टाकून गूगलचं बसवावं, असा त्या दोघांचा आग्रह होता, आणि स्वतःचा स्वयंपाकी काढून पाहुण्याच्या हातात पळी द्यायला कुणालाही जड जाईल. मला खटकतं ते पुढचं. त्याच वर्षी एक्साइटनं ब्लू माउंटन नावाची भेटकार्डांची वेबसाइट घेतली, ७८ कोटी डॉलरला. इंटरनेटवरून वाढदिवसाची कार्डं पाठवायची, तीही फुकट! गूगलच्या किमतीच्या हजारपट. २००१ मध्ये एक्साइटचं दिवाळं निघालं आणि तीच कार्डं ३.५ कोटींना विकली गेली.

लायकॉस या आणखी एका सर्च इंजिनाचं तसंच. २००० मध्ये स्पेनच्या टेरा कंपनीनं १,२५० कोटी डॉलरचा सौदा केला. चार वर्षांनी कोरियातल्या एका कंपनीनं तेच १० कोटींच्या आत उचललं. आणि २०१० मध्ये आपल्या हैदराबादच्या यब्रंट डिजिटलनं ३.६ कोटी डॉलरला घ्यायचा करार केला. आपल्याकडेही तेव्हा वारं होतंच. राजेश जैन यांचं इंडियावर्ल्ड, ज्यात खोज नावाची भारतीय वेबसाइटांची यादी होती, ते नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेनं ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. विकणारा शहाणा ठरला एवढंच म्हणतो.

याहू या सगळ्यांहून मोठी होती, पण तिचा किस्सा टाळता येत नाही. जून २००० मध्ये तिनं स्वतःच्या पानावरचा शोध गूगलकडे सोपवला. आपल्या ओटीवर पाहुण्याला बसवलं, पान-सुपारी दिली. गिऱ्हाईक ओटीवर आलं, पाहुण्याशी बोललं आणि पुढच्या वेळी थेट पाहुण्याच्याच घरी गेलं. २००४ मध्ये याहूनं पाहुण्याला उठवलं, तोवर वाट रुळली होती.

बरं, पोर्टलचं खूळ उतरल्यानंतरच्या लहान कंपन्या तरी शहाण्या निघाल्या का? क्युईल नावाची एक कंपनी, उच्चार कूल. गूगलमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेली. २८ जुलै २००८ ला दुकान उघडताना गर्जना केली, की आमच्याकडे १२,००० कोटी पानांची सूची आहे. पहिल्याच दिवशी गर्दीनं यंत्रणा कोलमडली, आणि जिथे उत्तरं आली तिथे भलत्याच माणसाच्या माहितीशेजारी भलत्याच माणसाचा फोटो. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. लोक एकदा आले, हसले आणि परत फिरकले नाहीत. दोन वर्षांत संपलं.

नीव्हा मात्र मला मनापासून आवडली होती. गूगलचा जाहिरातींचा सगळा धंदा सांभाळलेले श्रीधर रामस्वामी आणि गूगलमधलेच विवेक रघुनाथन यांनी ती २०१९ मध्ये काढली. जाहिरात अजिबात नाही, महिन्याला वर्गणी द्या. माल चांगला होता. तरी २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी बंद करायचं जाहीर केलं. जाताना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की लोकांना पैसे द्यायला लावणं त्या मानानं सोपं होतं. मुळात नवं काही वापरून बघायला लावणं अवघड गेलं.

हे वाचलं आणि मला माझा गाळा आठवला. सात वर्षं मी तो कॅफे चालवला. रोजची वीस-पंचवीस गिऱ्हाइकं. या सात वर्षांत पहिलं पान एकाही माणसानं बदललं नाही. मी अल्टाव्हिस्टा ठेवलं तेव्हा सगळे अल्टाव्हिस्टा वापरत होते, मी गूगल ठेवलं तर सगळे गूगल. कणकवलीच्या एका गल्लीपुरता तो अधिकार माझ्याकडे होता आणि मला त्याचा कुणी एक रुपया दिला नाही! गूगलनं मात्र ही गोष्ट नीट ओळखली. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपणच असावं, यासाठी तिनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला, की गूगलनं शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी टिकवली. किनाऱ्यावरून हातानं रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांना मी हे समजावून सांगायची गरज नाही. समोर यांत्रिक बोटीचा पर्ससीनवाला उभा असला की तुमचं जाळं किती चांगलं विणलंय, याला काय किंमत राहते ते त्यांना ठाऊक आहे.

पण एक गोष्ट लहान कंपन्यांच्या हातात होती, आणि तिथे मला त्यांचा राग येतो. आज बदकाचं चित्र असलेलं डकडकगो आहे, इकोशिया आहे, अशी लहान सर्च इंजिनं बरीच आहेत. तुमची माहिती साठवत नाही म्हणतात, झाडं लावतात, चांगलंच आहे. पण मघाशी सांगितलेला जाळ्या-टोपल्यांचा खर्च मोठा, म्हणून यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची टोपली लहान, किंवा नाहीच. निकाल बहुतांशी मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. देवगडचा छाप मारलेली पेटी आणि आत भलतीकडचा आंबा, हा प्रकार आपल्या बागायतदारांनी बाजारात पाहिलेला आहे. इथे फसवणूक नाही, ते उघड सांगतात. तरी पेटी आपली आणि आंबा दुसऱ्याचा असला, की झाडावर आपला हक्क नसतो. २३ मे २०२४ ला बिंग बिघडलं, तर त्याबरोबर डकडकगो आणि इकोशियाही आडवे झाले. पुढे मायक्रोसॉफ्टनं लहान गिऱ्हाइकांना निकाल विकायची ती खिडकीच ११ ऑगस्ट २०२५ ला बंद केली. मोठे करारवाले तगले. बाकीच्यांना मुदत मिळाली ती तीन महिन्यांची.

मी मधे एक खेळ केला. आपल्या तांदळाच्या शेवयांचा 'शिरवाळे' हा शब्द दोन वेगवेगळ्या लहान सर्च इंजिनांवर टाकला. दोन्हीकडे वरची उत्तरं तीच, क्रमही तोच. इंग्लंडमध्ये मोजीक म्हणून एक कंपनी आहे, ती कित्येक वर्षं स्वतःच जाळं टाकते. इकोशिया आणि फ्रान्सची क्वांट यांनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मिळून स्वतःची सूची उभारायचं ठरवलं. ही कलमं आता लावली आहेत. इकोशिया २००९ पासून धंद्यात आहे. तेव्हा लावली असती तर आज आंबा धरला असता.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी उपायही सांगितले. गूगलनं आपल्या सूचीतली काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायची, आणि फक्त मीच असले पाहिजे असे करार करायचे नाहीत. पैसे देऊन पहिली जागा घ्यायला मात्र बंदी नाही.

माझा भाचा तारकर्लीकडे घरगुती राहण्याची सोय चालवतो. हे सगळं त्याला सांगत होतो, तर म्हणाला, "मामा, तुझ्या त्या बदकात माझा नाव दिसता काय बघ." बघितलं. नाही दिसलं. दुसरीकडे बघितलं, तिथेही नाही. त्यांचा कोळी अजून आमच्या वाडीपर्यंत पोचलेला नाही. भाच्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यानं फाट्यावर पत्र्याची पाटी ठोकली आहे, नाव आणि खाली बाण. गेल्या पावसात वाऱ्यानं तो बाण उलटा फिरला होता आणि पाहुणे शेजाऱ्याच्या माडाच्या बागेत जाऊन उभे राहायचे. रविवारी आम्ही दोघांनी शिडी लावून तो सरळ केला.

नमस्कार.